टुनटुनी आणि चिचुंद्री

आपल्याकडच्या शिंपी पक्ष्याला कोलकात्यात टुनटुनी म्हणतात, आणि इथे तिचं कोण कौतुक! उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या १९१० सालच्या गोष्टींच्या पुस्तकाला नावच तिचं. त्यात ती राजाचं नाणं पळवते आणि वर राजालाच चिडवते. आमच्या भवानीपूरच्या गच्चीवर तिने वांग्याच्या झाडाला घरटं केलं. पान वळवून चोचीने कडेला भोकं पाडायची, त्यांतून कापसाचा नाहीतर कोळिष्टकाचा धागा ओढून घ्यायचा. गाठ मारायची नाही. धाग्याचं टोक बाहेर पिंजून पसरतं आणि तेवढ्यावर टाका धरून राहतो. आठ-नऊ ग्रॅमचा जीव, पण ओरडायला लागला की शेजारच्या गल्लीपर्यंत आवाज.

त्याच घराच्या मोरीत रात्री चिचुंद्री येते. तिच्या वाट्याला पुस्तक नाही, एक बंगाली म्हण तेवढी आली: छुंचो (म्हणजे चिचुंद्री) मारली, हाताला घाण वास लागला. मोहरीएवढे डोळे, सतत हलणारं लांब नाक, भिंतीला अंग घासत चालणं. एका पावसाळ्यात ती पिल्लांना घेऊन निघाली होती. पहिल्याने आईला शेपटीच्या मुळाशी तोंडात धरलेलं, दुसऱ्याने पहिल्याला, तिसऱ्याने दुसऱ्याला. ती वळली की सगळी रांग वळे.

दोघींना घोर एकच, पोटाचा. देह लहान म्हणजे वजनाच्या मानाने कातडी जास्त, आणि कातडीतून ऊब सारखी निसटते. ती भरून काढायला खातच राहावं लागतं. चिचुंद्रीच्याच कुळातली एट्रुस्कन जात जेमतेम दोन ग्रॅमची, सस्तन प्राण्यांत वजनाने सर्वांत लहान. तिचं हृदय मिनिटाला हजाराच्या वर ठोके देतं आणि रोज ती स्वतःच्या वजनाहून जास्त खाते. टुनटुनी दिवसभर पानांखालच्या अळ्या टिपते. अंधार पडला की चिचुंद्री झुरळांच्या मागे लागते. काम तेच, पाळ्या वेगळ्या. एकीला गळा मिळाला, दुसरीला कुशीतल्या ग्रंथींचा उग्र दर्प. कौतुकाची वाटणी एवढ्यावरच झाली, असं मला वाटतं. त्या दर्पामुळे मांजरही तिला पकडून टाकून देतं.

चिचुंद्री उंदीर नव्हे. उंदरासारखे कुरतडायचे दात तिला नसतात. तेव्हा मोरीत बारीक चिकचिक ऐकू आली, तर उंदराचं औषध ठेवू नका.