तुझ्या टूलची परीक्षा कोण घेणार?

चिरंजीव भाच्यास,


रस्ट शिकता शिकता फाइलींमधला मजकूर शोधणारं टूल लिहायला घेतलंस, हे वाचून फार आनंद झाला. विषयही नेमका निवडलास. केन थॉम्पसन यांचा ग्रेप १९७३ पासून हेच काम करतो आहे. म्हणजे तुझ्या टूलचं उत्तर बरोबर की चूक, हे सांगणारा जाणता परीक्षक तुझ्या लॅपटॉपवर आयता हजर आहे. नवशिक्याला याहून मोठी सोय कुठली?

सगळ्या टेस्ट पास झाल्या, आता कोड सर्वांसाठी खुला करू का, असं विचारतोस. जरूर कर. पण ‘वापरायला तयार’ असं त्यावर लिहू नकोस. त्या टेस्ट तूच लिहिल्यास ना? कोड लिहिताना जे ध्यानात आलं नाही, ते टेस्ट लिहितानाही सुचत नाही. आणि रस्टचा कंपायलर मेमरीच्या बाबतीत कितीही कडक असला, तरी हवी ती ओळ सापडली की नाही, हे त्याला कळत नाही. नवी भाषा शिकताना त्याच्याशी इतकी झटापट झालेली असते, की त्याचा होकार मिळाला म्हणजे काम संपलं असं वाटू लागतं.

आपल्या मराठीचंच बघ. पायथनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशन मॉड्यूलला ‘मराठी’मधले शब्द काढायला सांगितले, तर तो ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे हातात देतो, कारण काना आणि वेलांटी ही त्याच्या लेखी अक्षरंच नाहीत. रस्टची रेजेक्स लायब्ररी तोच शब्द अखंड देते. आता ‘दुसऱ्या’ घे. कोणी त्यात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त टाइप करतं, तर कोणी साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, फाइलीतले बाइट मात्र वेगळे. एक शोधलास तर दुसरा सापडणार नाही, आणि इथे ग्रेपही तुझ्याइतकाच हतबल आहे. तेव्हा परीक्षकाशी उत्तर जुळलं म्हणून थांबू नकोस. तुझं टूल यात काय करणार ते आधी ठरव आणि रीडमीमध्ये लिहून टाक.

अँड्र्यू गॅलंट यांचं काम बारकाईनं वाच, असं मी आग्रहानं सांगेन. रस्टची १.० आवृत्ती २०१५ मध्ये आली. त्यांनी त्याआधीच, २०१४ मध्ये, रस्टसाठी रेग्युलर एक्स्प्रेशनची लायब्ररी लिहायला घेतली होती. पुढे २०१६ मध्ये तिच्यावर रिपग्रेप उभं राहिलं. आज व्हीएस कोडमधला शोध त्याच्यावर चालतो. वेगाचं कौतुक सगळेच करतात, मला मोलाची वाटते ती त्यांनी एका लेखात स्वतःच्या टूलची घेतलेली झडती. लिनक्स कर्नलचा कोड, इंग्रजी आणि रशियन सबटायटल्सचा मोठा साठा, समोर ग्रेपसह अनेक प्रतिस्पर्धी, आणि प्रत्येकाला दिलेली कमांड उघड मांडलेली. रशियन मुद्दाम घेतलं, कारण युनिकोड नीट न पाळता वेग दाखवणं फार सोपं असतं. रिपग्रेप कोणी वापरू नये, हेही त्यांनी त्याच लेखात सांगितलं. (तू ग्रेपशी तुलना करशील तेव्हा एक लक्षात ठेव: रिपग्रेप लपलेल्या आणि गिटनं वगळलेल्या फाइली वेगळं सांगितल्याशिवाय पाहतच नाही. तुझं टूलही तसंच वागत असेल तर आकडे जुळणार नाहीत, आणि तो बग नसेल.)

मग कचरा इनपुट दे. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या मॅडिसनला वादळामुळे फोन लाइनवर खरखर झाली, टाइप केलेल्या कमांडमध्ये भलतीच अक्षरं घुसली आणि युनिक्सचे प्रोग्रॅम कोसळू लागले. प्रा. बार्टन मिलर यांनी त्यावरून विद्यार्थ्यांना प्रकल्पच दिला. त्यांनी तपासलेल्या युनिक्सच्या प्रत्येक आवृत्तीत चतुर्थांश ते तृतीयांश प्रोग्रॅम निव्वळ यादृच्छिक अक्षरांनी पडले. लिहिणारे नवखे नव्हते. फझिंगची सुरुवात तिथून झाली. रस्टमध्ये कार्गो-फझ त्यासाठी सहज मिळतं. रात्रभर चालू ठेव.

कोणी बग कळवला तर वाद घालू नकोस. त्याची फाइल मागून घे, आधी तीच टेस्ट म्हणून जोड, मग दुरुस्ती कर. अनोळखी माणसाची फाइल तुझ्या शंभर टेस्टपेक्षा जास्त शिकवेल, भाषाही आणि टूलही.

माझ्याकडे वेगवेगळ्या माणसांनी टाइप केलेला मराठी मजकूर बराच साठलेला आहे, तो पाठवतो. त्यावर तुझं टूल आणि ग्रेप दोन्ही चालव, आणि जिथे उत्तरं वेगळी येतील त्या ओळी मला कळव.

तुझा,
मामा