सडा आणि गाडीवाट

सहलीची जागा ठरवणे हे सोयरीक जुळवण्याइतकेच नाजूक काम! आमच्या महाविद्यालयातील दहाबारा तरुणांना मोटारसायकलींवरून एक दिवस आडरानात हिंडायचे होते. साताऱ्याजवळच्या कास पठाराचे नाव निघाले. “सर, सुमारे १२०० मीटर उंचीवरचे मैदानच म्हणा की!”

पण हे मैदान फसवे. कासचा सडा म्हणजे जांभा दगड आणि त्यावर मातीचा पातळ थर. भाद्रपदात तेथे तेरड्याचे नि सीतेच्या आसवांचे गालिचे पसरतात; एरवी त्यांचे बी त्याच मातीत निजलेले असते. चाकाने ती उकरली, की पावसात वाहून जाते आणि उरतो नुसता कातळ. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारसा मानले, त्यांत कासही आहे.

अखेर मी वाईकडची एक जुनी गाडीवाट सुचवली. बैलगाड्यांनी मळलेली, चढउतारांची, मध्ये एक ओढा. शेतकऱ्यांची संमती घेतली, पिके निघाल्यावरचा दिवस धरला. मुलांची हाडे मनसोक्त खिळखिळी झाली!

रानात जावे ते पाहुण्यासारखे. पाहुणा अंगणातून येतो, रांगोळीवरून नव्हे.