कोर्दोबात भेटलेलं नारिंग

परत येऊन आठवडा झाला, पण अजून डोळे मिटले की त्या कमानी दिसतात. लाल पट्टा, पांढरा पट्टा, पुन्हा लाल, पुन्हा पांढरा, आणि त्यांच्यामागे आणखी कमानी. कुणी भेटलं की मी कोर्दोबाबद्दल बोलायला लागते आणि थांबतच नाही!

मार्चअखेरीस माद्रिदला ताईकडे गेले होते. शनिवारी पहाटे तिनं उठवलं, "आवर लवकर, गाडी चुकेल." वेगवान गाडीनं पावणेदोन तासांत आम्ही स्पेनच्या दक्षिणेत, ग्वादालकिवीर नदीकाठच्या या गावात उतरलो. हाताशी फक्त दोन दिवस. स्टेशनातून निघालो त्या थेट मेस्किताकडे, म्हणजे तिथल्या जुन्या मशिदीकडे.

बाहेरच्या लख्ख उन्हातून आत पाऊल टाकलं आणि काही क्षण नुसता अंधार. मग डोळे सरावले, एकेक खांब दिसायला लागला, आणि मी ताईचा हात घट्ट धरला. "ताई, अगं बघ तरी!" खांबांचं जंगलच! ८५६ खांब, आणि त्यांच्या माथ्यावर एकावर एक अशा दोन कमानी. दोन का, तर सुरुवातीचे बरेच खांब जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून आणलेले होते आणि उंचीला कमी पडत होते. मग कारागिरांनी कमानीवर कमान चढवून छत उंच नेलं. कमानींत लाल वीट आणि फिकट दगड आलटूनपालटून बसवले. अडचणीवर शोधलेला उपाय इतका देखणा असू शकतो? मी खांब न्याहाळत फिरत राहिले. कुठे राखाडी संगमरवर, कुठे गुलाबी, माथ्यावरची नक्षी दर वेळी निराळी.

७८५च्या सुमाराला पहिल्या अब्द अल-रहमाननं ही मशीद बांधायला घेतली आणि पुढची दोनशे वर्षं ती वाढत गेली. मेहराबीपाशी, म्हणजे प्रार्थनेची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यापाशी, सोनेरी मोझेकचे बारीक तुकडे असे चमकतात, की मान दुखेपर्यंत वर बघत राहावं. १२३६ साली कोर्दोबा ख्रिस्ती राजाच्या हाती गेलं, मशिदीचं चर्च झालं, आणि सोळाव्या शतकात ऐन मधोमध उंच कॅथेड्रल उभं राहिलं. खांबांच्या सावलीतून चालता चालता अचानक डोक्यावर पांढराशुभ्र प्रकाश कोसळतो! दोन काळ एकाच छपराखाली नांदताना मी पहिल्यांदाच पाहिले.

पण माझं खरं कोर्दोबा सुरू झालं ते बाहेरच्या अंगणात. फरसबंदीत ओळीनं झाडं, झाडांच्या आळ्यांना जोडणारे दगडी पाट, फांद्यांवर केशरी फळं आणि नुकती उमललेली पांढरी फुलं. वास असा, की बोलणंच थांबलं. "कसलं झाड हे?" मी विचारलं. "नारांखा," ताई म्हणाली. "म्हणजे संत्रं. हे कडू जातीचं."

नारांखा. मी पुन्हा म्हणून पाहिलं. नारांखा... नारिंग! अगं, हे तर आपलं नारिंग! संस्कृतातला नारंग फारसीत गेला, अरबीत नारंज झाला, आणि अरबांबरोबर झाडासकट इथं येऊन रुजला. मी त्या झाडाखाली उभी राहिले आणि घशाशी आवंढा आला. परक्या गावात कुणी अचानक माहेरच्या नावानं हाक मारावी, तसं झालं.

मग मला असे ओळखीचे शब्द शोधायचा नादच लागला. दुपारी जुन्या ज्यू वस्तीतल्या पांढऱ्या गल्ल्यांमधून, ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीसच्या पुतळ्यावरून पुढे जात एका छोट्या खानावळीत बसलो. समोर आले वांग्याचे काप! पिठात घोळवून तळलेले, कुरकुरीत, आणि वरून दाट, काळसर पाक. चाखला तर काय, चक्क काकवी! उसाचा रस आटवून केलेली. आम्ही कोल्हापूरच्या, काकवी ओळखायला आम्हाला वेळ लागतो का? त्या पदार्थातल्या वांग्याचं नाव बेरेंखेना. संस्कृत वातिंगण, फारसी बादिंगान, अरबी बादिंजान, मग स्पॅनिश बेरेंखेना. आणि त्याच मुळापासून इकडे आपलं वांगं. साखरेचंही तसंच, शर्करेपासून निघून स्पॅनिशपर्यंत पोचलेली. म्हणजे त्या एका ताटलीत दोन्ही ओळखीचेच!

दुसऱ्या दिवशी सान बासिलिओ भागातली घरं पाहिली. मधे चौक, चुन्यानं पांढऱ्या केलेल्या भिंती, त्यांवर छपरापर्यंत टांगलेल्या फुलांच्या कुंड्या. उंचावरच्या कुंड्यांना पाणी घालायला लांब काठीच्या टोकाला डबा बांधलेला. मे महिन्यात या चौकांचा उत्सव भरतो. २०१२ मध्ये युनेस्कोनं त्याला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. दारातून आत डोकावताना आजोळच्या वाड्यातला चौक आठवला, तुळशीवृंदावनाभोवतीचा गारवा आठवला. संध्याकाळी रोमन पुलावर उभ्या राहिलो. काठावर अल्बोलाफियाचं मोठं पाणचक्र, पलीकडे मेस्किता उन्हात मधाच्या रंगाची झालेली. नदीचं नावही अरबीच, त्याचा अर्थ ‘मोठी नदी’. कुठून कुठे गेले हे शब्द, ही बियाणी, ही पाण्याची विद्या!

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी आईला हट्टानं काप तळायला लावले. काकवीची बाटली काढली, वरून धार सोडली. "वांग्यावर गोड?" आई साशंक होती. तिनं एक काप तोंडात टाकला, सावकाश चावला, आणि दुसऱ्याला हात घालत म्हणाली,

"अगं, हे आपलंच आहे की!"