फीडबॅक

पुण्यात शुक्रवार संध्याकाळचा माझा प्लॅन ठरलेला असतो. कॉफी, पिक्चर, नाहीतर एखादा गिग... आणि त्या गिगवर लिहायचे पैसे मिळणार असतील, तर दुधात साखर! गेल्या दिवाळीतला एक शुक्रवार मात्र मी यवतमाळात, बाबांच्या गोडाऊनमध्ये, कोल्ड्रिंकच्या उलट्या क्रेटवर बसून काढला. समोर टेबलावर जुना मिक्सर, लॅपटॉप आणि वायरींचं जंजाळ. तबला नाही, गिटार नाही, गाणारं कुणी नाही. तरी आजवरच्या सगळ्या कॉन्सर्ट्समध्ये मला हीच पुन्हा पुन्हा आठवते.

बाबांची साऊंड सर्व्हिस आहे. यवतमाळचा दुर्गोत्सव ज्यांनी पाहिलाय, त्यांना यापुढे काही सांगायला नको. ते नऊ दिवस बाबा घरी फक्त आंघोळीला यायचे. बाकी वर्षभर लग्नं, भागवत सप्ताह, गॅदरिंग, प्रचारसभा. भोंग्यांपासून सुरुवात करून ते माणसाएवढ्या उंच बेसच्या पेट्यांपर्यंत पोचले. तीस वर्षांत त्यांचा शत्रू एकच, फीडबॅक. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, माइकमधून अँप्लिफायरमध्ये, तिथून मोठा होऊन परत स्पीकरमध्ये... आणि मग ती जीवघेणी 'कुईईई'! भरसभेत कुई झाली की अख्खा मंडप मान वळवून साऊंडवाल्याकडे बघतो. बाबांना ती नजर ठाऊक आहे.

आणि माझा मित्र नेमकी तीच 'कुई' वाजवतो!

हा मूळचा वणीचा. दिवसा पुण्यात इंजिनीअर, रात्री एक्स्परिमेंटल इलेक्ट्रॉनिक. एकदा तरी आपल्या माणसांसमोर वाजवायचं होतं त्याला. हॉलचं भाडं परवडेना, म्हणून आमचं गोडाऊन. मिक्सरचं आउटपुट त्याच्याच इनपुटमध्ये जोडायचं. बाहेरून काहीच आत जात नाही, मिक्सर स्वतःशीच बोलायला लागतो. जपानचा तोशिमारु नाकामुरा हे वर्षानुवर्षं करतोय. बाबांनी ती जोडणी पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"आउटपुट इनपुटमधी? मिक्सर जळन नं बे!"

"नाही जळत, काका. बघाच तुम्ही."

"कुई झाली तर मी मेन स्विच पाडन. आधीच सांगून ठेवतो."

तुम्ही म्हणाल, हे पुण्या-मुंबईचं नवं फॅड. पण यात नवं काय? पॅरिसमध्ये पिएर शेफरने १९४८ साली रेल्वेचे आवाज रेकॉर्ड करून त्यांचंच संगीत केलं. (आमची शकुंतला एक्स्प्रेस १९९४ पर्यंत वाफेवर धावायची. आता ती धावत नाही, आणि मी तिचा आवाज कधी टेप केला नाही.) जॉन केज आणि डेव्हिड ट्यूडर १९६४ मध्ये मर्स कनिंगहॅमच्या डान्स कंपनीबरोबर मुंबईत येऊन गेले. पुढे १९६९ मध्ये ट्यूडरनेच अहमदाबादच्या एनआयडीत मूग सिंथेसायझर उभा करून दिला. मुंबईच्या चरणजित सिंगांनी १९८२ मध्ये सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग वाजवले. शिकागोत अ‍ॅसिड हाउसचा डंका वाजायला त्यानंतर पाच वर्षं गेली. मग आमच्या गोडाऊनने काय घोडं मारलंय?

तीसेक माणसं जमली. मावशी, शेजारचे, बाबांची पोरं, म्हणजे पेट्या उचलणारी. सुरुवातीला मित्राने लोखंडी शटरला नाण्याएवढे कॉन्टॅक्ट माइक चिकटवले. हे माइक हवेतला आवाज पकडत नाहीत, पत्र्यातला कंप पकडतात. त्याने शटरवरून नखं फिरवली आणि गोडाऊनमध्ये पाऊस आला. शपथ! पोरं वर छताकडे बघायला लागली.

मग मिक्सर. एक बारीक सूर निघाला आणि वर चढत गेला. आणखी वर. मावशीने कानांवर हात ठेवले, शेजारचं पिल्लू रडायला लागलं. मी बाबांकडे पाहिलं. आता पडतो मेन स्विच!

बाबा शांत. थोडं थांबून उठले, टेबलाजवळ गेले आणि खाली वाकून वायरची पिन चाचपायला लागले.

"काहून बंद पडलं हे? दिवे तं लागून आहेत."

सगळे हसले. मीही हसले. काकांनी काय फिरकी घेतली! मग त्यांचा चेहरा दिसला. ते खरोखरच लूज कनेक्शन शोधत होते. तो सूर अजून वाजत होता, माझ्या दातांपर्यंत पोचला होता, आणि त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता.

टीव्हीचा वाढलेला आवाज, फोनवरचं ओरडून 'हॅलो', आईशी रोजचं 'काय म्हणली तू?'... हे सगळं मी 'बाबांची स्टाइल' म्हणून पुण्यात मित्रांना नक्कल करून दाखवत होते. आवाजावर लिहून पोट भरणारी मी!

मित्राच्या लक्षात आलं. एक शब्द न बोलता त्याने नॉब फिरवला. सूर उतरत गेला, जाड झाला, जमिनीतून आल्यासारखा घुमायला लागला. बाबांनी बेसच्या पेटीवर तळहात ठेवला.

"हां... आता आलं."

पुढची वीस मिनिटं ते तसेच उभे होते. हात पेटीवर, डोळे मिटलेले. मेन स्विचकडे त्यांनी बघितलंही नाही.

दिवाळीनंतर नागपूरला तपासणी केली. ऑडिओग्रामची रेघ ४,००० हर्ट्झजवळ दरीत पडावी तशी खाली गेलेली. मोठ्या आवाजात वर्षं काढलेल्या कानांची ही नेहमीची खूण. कानातल्या त्या नाजूक पेशी पुन्हा उगवत नाहीत. बाबांनी मुकाट्याने ऐकलं (डॉक्टर मोठ्याने बोलत होते). मशिन घ्यायला मात्र अजून तयार नाहीत. "लोक काय म्हणतील, साऊंडवालाच बहिरा?" आमचं भांडण चालू आहे. पोरांना इअरप्लग्ज सक्तीचे केलेत, एवढं मात्र झालं.

परवा त्यांनी मित्राला फोन लावला. ओरडूनच.

"दिवाळीले येऊन राह्यला नं बे? मिक्सर साफ करून ठेवला. या वेळी खालचंच जास्त वाजव."