कपाळावरचा चष्मा

न्यू जर्सीतल्या एडिसनला आमच्या समोरच्या घरात एक अमेरिकन म्हातारी एकटी राहायची. आमची मुलं तिला ‘समोरची आजी’ म्हणायची. मल्टिपल स्क्लेरोसिसने तिचे पाय गेले होते. रात्री पोटऱ्यांत गोळे आले की तिचं कण्हणं उन्हाळ्यात उघड्या खिडकीतून आमच्यापर्यंत येई.

२००९ साली ती चाकाच्या खुर्चीतून आमच्या दारात आली. मांडीवर निवेदनाचा कागद होता. न्यू जर्सीत रुग्णांना औषध म्हणून गांजा मिळावा, यासाठी तिला सह्या हव्या होत्या.

साताऱ्याला आमच्या आळीच्या टोकाला गोसावी चिलीम ओढत बसत आणि आई नाकाला पदर लावून मला पुढे ओढी. गांजाविषयीचं माझं ज्ञान तेवढंच. मी म्हटलं, “चष्मा सापडत नाहीये, नंतर बघते.” चष्मा माझ्या कपाळावर होता. तिने तो पाहिला आणि परवाचा शिरा छान झाला होता, एवढंच सांगून खुर्ची वळवली.

पुढे ती राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनला जाऊन आमदारांसमोर बोलून आली. ११ जानेवारी २०१० ला विधेयक मंजूर झालं. गव्हर्नर जॉन कॉर्झाइन यांनी पद सोडण्याच्या आदल्या दिवशी त्यावर सही केली. सिनेटने मान्य केलेल्या मसुद्यात घरी सहा रोपं लावायची मुभा होती, ती मात्र वाटेत गळाली. पहिलं दुकान उघडायला डिसेंबर २०१२ उजाडला, तेही माँटक्लेअरला.

२०१३ मध्ये ह्यांना आतड्याचा कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली आणि पोटात पाणीसुद्धा ठरेना. उलटीच्या गोळ्याही उलटून पडत. आजीनेच विचारलं, “गांजाचं कार्ड काढलंस का?” शिफारस करायला नोंदणी केलेलाच डॉक्टर लागतो, कार्डाची फी २०० डॉलर, महिन्याला दोन औंसांपेक्षा जास्त मिळत नाही, हे सगळं तिने समजावलं. फॉर्म तिच्याच टेबलावर भरला. केंद्राच्या कायद्यात गांजा हेरॉइनच्याच पंगतीला असल्यामुळे बँका त्या धंद्यापासून लांब राहत. म्हणून “रोख पैसे ने,” हेही तिनेच बजावलं. आम्ही नागरिक झालो होतो म्हणून निभावलं. ग्रीन कार्डवर असतो, तर राज्याने दिलेली परवानगी केंद्राच्या दारात अंगाशी आली असती.

पहिल्या संध्याकाळी ह्यांनी यंत्रातून वाफेचे दोन झुरके घेतले. घरभर तोच गोसाव्यांचा वास. तासाभराने म्हणाले, “मऊ भात आहे का गं?” मेतकूट-तूप कालवून चार घास खाल्ले आणि ते पोटात राहिले. कितीतरी दिवसांनी मी बादली धुतली नाही.

कॅन्सर त्याने बरा झाला नाही, होणारही नव्हता. वर्षभराने हे गेले. पण शेवटचे महिने जेवून गेले. ते जेवण ज्या कायद्याने दिलं, त्याच्यासाठी मागितलेली सही मी दिली नव्हती, आणि आजीने त्याचा शब्दानेही उल्लेख केला नाही.

२०१६ साली आजी गेली. मागच्या अंगणात तिला एक रोप लावायचं होतं. ते शेवटपर्यंत गुन्हाच राहिलं. रुग्णांना निदान तेवढं करू द्या, अशा मागणीचा कागद पुढे एक तरुण मुलगा माझ्या दारात घेऊन आला. मी आधी सही केली, मग वाचायला चष्मा शोधला.