जतपासून परळपर्यंत

सांगली जिल्ह्याच्या नकाशात जत तालुका पूर्वेकडे लांबवर पसरलेला दिसतो. कृष्णाकाठचा ऊस, हळदीची पेठ आणि पावसाळ्यातला पूर ही सांगलीची जी सर्वपरिचित ओळख, तिचा येथे मागमूस नाही. मिरज सोडून कवठेमहांकाळच्या पुढे गेले की जमीन हलकी होत जाते, माळ उघडे पडतात आणि आकाश मोठे वाटू लागते. गुहागरहून निघालेला महामार्ग जतवरून विजयपूरला जातो. जतकरांना सांगलीपेक्षा विजयपूर जवळ पडते, आणि उमदीसारख्या सीमेवरच्या गावाला तर जिल्ह्याचे ठिकाण शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. ‘जत रोड’ नावाचे रेल्वे स्थानक आहे खरे. पण नावातला रस्ता फार लांबचा आहे.

बाजारात मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात नांदतात. डफळे घराण्याचे हे छोटे संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले. सीमेचा वाद मात्र अधूनमधून डोके वर काढतो, आणि त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा पाणीच असते. जिथे म्हैसाळ योजनेचे पाणी पोहोचले तिथे डाळिंब आणि द्राक्षे दिसतात. जिथे ते नाही तिथे ज्वारी, बाजरी आणि बाकदार नाकाची माडग्याळी मेंढरे. दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेक गावांतून बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणायचे, आणि त्या जोडीने मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेला ‘उचल’. माणसांची मोजणी अवजाराच्या नावाने होणारा हा व्यवहार पुढच्या मजकुरासाठी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

याच तालुक्यात गुड्डापूर आहे. बाराव्या शतकातील शरण परंपरेतील लिंगम्मा नावाची स्त्री, परंपरा सांगते की उमराणीची, दीनदुबळ्यांना देता देता ‘दानम्मा’ झाली. यात्रेच्या दिवसांत कर्नाटकातून माणसे पायी येतात आणि पंक्तीत जेवून जातात. कोरडवाहू मुलखाचे मोठे दैवत देणारीचे असावे, हे अर्थपूर्ण वाटते.

या मुलखातले एखादे मूल जेव्हा गंभीर आजारी पडते, तेव्हा आजाराइतकेच अंतरही पुढे उभे राहते. सुरुवात साधीच असते. ताप जाऊन पुन्हा येतो, चेहरा पांढुरका पडतो, पाय दुखतात, अंगावर निळे डाग उमटतात. गावातला दवाखाना, मग जत, मग मिरज. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिशन रुग्णालयापासून मिरज ही दक्षिण महाराष्ट्राची आणि उत्तर कर्नाटकाची आरोग्यपेठ आहे. तिथे रक्त तपासले जाते, आणि कधी कधी एक चिठ्ठी हाती पडते: परळ, टाटा रुग्णालय.

जतहून एसटीने मिरज, तिथून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस आणि सकाळी दादर. कर्करुग्णाला शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात रेल्वेचे तिकीट पूर्ण माफ असते आणि सोबत्याला पंचाहत्तर टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे विहित प्रमाणपत्र लागते. पहिल्या खेपेला ते जवळ नसतेच. ही माहिती बहुतेकांना परळच्या रांगेत दुसऱ्या एखाद्या बापाकडून कळते.

डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावरचे ते रुग्णालय स्वतःच एका प्रतिष्ठित घरातल्या दुःखातून जन्मले आहे. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. वर्षभरात सर दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय उघडले. आज ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग योग्य उपचारांनी बऱ्याच अंशी बरा होतो. परंतु ते उपचार दोन-अडीच वर्षे चालतात, आणि त्यातले पहिले सहा-आठ महिने रुग्णालयाच्या जवळ राहावेच लागते.

खरी अडचण इथे आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, मुख्यमंत्री सहायता निधी आहे, धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के आणि दुर्बलांसाठी आणखी दहा टक्के खाटा राखण्याचा नियम आहे. औषधांचा पैसा, धावपळ करून का होईना, उभा राहतो. परंतु मुंबईतले भाडे, दोन वेळचे जेवण, बुडालेली मजुरी आणि घरी आजीपाशी ठेवलेली धाकटी भावंडे यांचे देयक कोणत्याही योजनेला जोडता येत नाही. आई परळला बसली की कोयता मोडतो; उचल मात्र फिटत नाही. उपचार अर्ध्यावर सोडून गावी परतणारी कुटुंबे ही बालकर्करोगाच्या डॉक्टरांची जुनी चिंता आहे. टाटा रुग्णालयाने बालरुग्णांच्या कुटुंबांसाठी निवारा, आहार, समुपदेशन आणि पाठपुरावा यांची स्वतंत्र व्यवस्था उभारल्यावर असे सोडून जाणे पुष्कळ कमी झाले. औषध तेच, डॉक्टर तेच. भर पडली ती छपराची आणि ताटाची.

परळच्या पदपथावर प्लॅस्टिक अंथरून झोपलेली कुटुंबे अनेकांनी पाहिली असतील. उघड्यावर झोपलेल्या, प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या मुलाला मूळ रोगाइतकाच जंतुसंसर्ग घातक ठरतो. म्हणूनच या परिसरातल्या निवासांना उपचाराचाच भाग मानले पाहिजे. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा टाटाच्या रुग्णांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी भरलेली असते. परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. २००६ साली लोअर परळमध्ये आठ कुटुंबांच्या सोयीने सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया ही संस्था आज अनेक शहरांत केंद्रे चालवते. कर्करोगाच्या बालरुग्णाला आणि आईवडिलांना तिथे स्वतंत्र जागा, शिधा, सामाईक स्वयंपाकघरात आपली शेगडी आणि रुग्णालयात ने-आण मिळते, तीही विनामूल्य. आपल्या हाताने आपल्या चवीचे रांधता येणे ही परक्या शहरात क्षुल्लक गोष्ट नव्हे. केवळ कन्नड बोलणाऱ्या आईला तर त्या शेगडीपाशीच पहिली मैत्रीण मिळण्याची शक्यता अधिक. आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने वाचकांना परिचित आहेत. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त वैयावृत्त्य सांगताना आहार आणि औषध यांच्या बरोबरीने आवासही मोजला आहे. तिथला संदर्भ संयमी जनांच्या सेवेचा आहे. परळच्या पदपथावर मात्र तो शब्द नव्याने आठवतो.

अशा कामात नामवंतांचे स्थान काय? नामवंत येतात तेव्हा छायाचित्रकारही येतात. केस गेलेल्या मुलाचा चेहरा दुसऱ्या दिवशी सर्वदूर पोहोचतो. त्याला किंवा त्याच्या आईला ते हवे होते का, हे क्वचितच विचारले जाते. रक्तातील पांढऱ्या पेशी खाली आलेल्या मुलाभोवती गर्दी नको, हे तर कोणतीही परिचारिका सांगेल. तरीही नामवंतांची भेट पोकळच असते असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपला मुलगा गमावलेल्या एका दांपत्याने १९९६ साली मुंबईत मेक-अ-विश या संस्थेची भारतीय शाखा सुरू केली. गंभीर आजारी मुलांची एकेक इच्छा ती पूर्ण करते, आणि आवडत्या नटाला किंवा खेळाडूला भेटण्याची इच्छा त्यांत वारंवार येते. एखाद्या मुलासाठी तो एक तास औषधाइतका मोलाचा असतो.

पैशाच्या बाजूने पाहिले तर सचिन तेंडुलकर यांनी २०१० साली ट्विटरवरून केवळ आवाहन करून कर्करोगग्रस्त मुलांसाठी एक कोटीहून अधिक रुपये जमवले होते. इंदूरच्या गायिका पलक मुच्छाल यांची रीत वेगळी आहे. लहान वयापासून गाण्याच्या कार्यक्रमांतून मिळालेल्या पैशातून त्यांनी तीन हजारांहून अधिक मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया करवल्या. त्यांच्याकडे मुलांची प्रतीक्षायादी असते आणि कार्यक्रम त्या यादीसाठी होतात. एका दिवसाच्या भेटीपेक्षा वर्षानुवर्षे चालणारी ही यादी अधिक मोठी.

जतहून उत्तरेला निघाले तर पंढरपूर ओलांडून बार्शी लागते. नर्गिस दत्त ३ मे १९८१ रोजी कर्करोगाने गेल्या. त्यांच्यासाठी न्यूयॉर्कपर्यंत जाणे शक्य झाले होते. बार्शीसारख्या गावातल्या बाईला मुंबईही लांबच होती. आज तिथल्या कर्करोग रुग्णालयाला नर्गिस दत्त यांचे नाव आहे, आणि देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली याच बार्शीत सुरू झाली. पडद्यावरची नर्गिस न पाहिलेली पिढीही त्या नावाच्या दारातून आत जाते. अमेरिकेतही असेच एक उदाहरण आहे. विनोदी नट डॅनी थॉमस यांनी १९६२ साली मेम्फिस शहरात मुलांचे सेंट ज्यूड रुग्णालय उघडले. तिथे कुटुंबाला उपचार, प्रवास, निवास किंवा अन्न यांचे देयक दिले जात नाही. त्यासाठी त्यांनी आधी, १९५७ साली, निधी जमवणारी स्वतंत्र संस्था उभी केली होती. थॉमस १९९१ साली गेले. लहान लहान देणगीदारांच्या बळावर रुग्णालय चालूच आहे.

आणि पंढरपूर? तिथे चोखामेळा धर्मशाळा आहे. तिचे निर्माते गाडगे महाराज हे त्यांच्या काळातले महाराष्ट्रातले सर्वांत लोकप्रिय पुरुष होते, हे सहसा कोणी अशा शब्दांत मांडत नाही. त्यांच्या कीर्तनाला जमणारी गर्दी आजच्या नटालाही हेवा वाटावा अशी होती. त्या लोकप्रियतेतून त्यांनी धर्मशाळा बांधल्या, आणि स्वतः झोपायला बाहेर गेले. पंढरपूरची ती वास्तू १९४९ साली त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपवली. जतचा वारकरी पंढरपुरात ज्यांचे नाव ऐकतो, त्याच नावाच्या धर्मशाळेत दादरला त्याला जागा मिळू शकते. गाडगे महाराज १९५६ साली गेले.

सहा-आठ महिन्यांनी, सारे नीट झाले तर, मुलाला घरी जायची परवानगी मिळते. मग रोजच्या गोळ्या, ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी आणि फाईलवर पुढची तारीख. गोळ्या चुकवायच्या नाहीत, ताप आला तर थांबायचे नाही, एवढे दोन नियम आईने पाठ केलेले असतात. गावी पावसाळा संपत आलेला असतो आणि मुकादमाची फेरी होऊन गेलेली असते. मूल माळावर, पालात राहू शकणार नाही. आई त्याच्यापाशी थांबते. बाप एकटाच निघतो. मुकादमाच्या वहीत त्याची नोंद ‘अर्धा कोयता’ अशी होते.