भाद्रपदात दाराला दोष देऊ नये

कोकणातल्या घराच्या दारांचा निकाल वर्षातून दोनदा लागतो, गणपतीत आणि मे महिन्यात. मुंबईची माणसं तेव्हाच गावी येतात ना! भाद्रपदात माजघराचं दार चौकटीत असं रुतून बसलेलं असतं, की खांदा लावल्याशिवाय हलत नाही. वैशाखात त्याच दाराच्या फळ्यांमधल्या फटीतून परसातली केळ दिसते. दोन्ही वेळा कुणीतरी कपाळाला आठ्या घालून म्हणतं, ‘काढून टाकूया आता हे.’ मार्गशीर्षात ते दार एका बोटानं उघडतं, पण तेव्हा ते उघडायला घरात एखादी म्हातारी काकू असते, आणि तिचं मत कोणी विचारत नाही.

लाकूड हवेतली ओल पितं, फुगतं, ओल गेली की आकसतं. पण हे सगळं रुंदीत. धाग्याच्या दिशेनं, म्हणजे उंचीत, ते जवळजवळ वाढतच नाही. म्हणून पावसात अडणारं दार बहुधा कडेला अडतं. जुन्या सुतारांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. दाराच्या खाचेत फळी बसवताना ते तिला सरस लावत नसत, चारी बाजूंनी किंचित सैल सोडत. तिला हालचालीपुरती जागा दिली की ती तडकत नाही. आणि भर पावसात दार तासून द्या म्हटलं, तर असा सुतार हत्यारांच्या पिशवीला हातही लावत नाही. ‘आता रंधो मारूक नको, दिवाळी जाव दे, मगे बघूया.’ आपल्याला वाटतं, हा टाळतोय. पण पावसात तासलेलं दार उन्हाळ्यात चौकटीशी गप्पा मारण्याइतकंही जवळ राहत नाही, हे त्याला ठाऊक असतं.

खरं दुखणं दारात क्वचितच असतं. ते असतं चौकटीच्या पायाशी. पूर्वी चौकटीचे खांब दगडावर उभे असत, खालून वारा लागे. मग शेणाच्या जमिनीवर कोबा आला, कोब्यावर लाद्या आल्या, जमीन वर चढली आणि खांबाचं टोक सिमेंटात गाडलं गेलं. आता लादी पुसली की पाणी तिथे जातं आणि तिथेच मुरतं. सागाच्या किंवा फणसाच्या गाभ्याला वाळवी सहजी लागत नाही. सालीलगतच्या फिकट पट्ट्याला मात्र ती लगेच लागते, आणि पायाशी ओल मिळाली की मुक्कामच करते. पटाशीचं टोक खालपासून टोचत वर न्यावं. बहुतेक वेळा वीतभर उंचीच्या वर ते आत शिरत नाही. तेवढा तुकडा कापून जुन्याच लाकडाचा नवा पाय जोडता येतो. एका वितेसाठी आपण अख्खी चौकट, दोन्ही झडपा, पितळी कडी-कोयंडे आणि कधी भिंतीचा अर्धा गिलावा घालवतो.

खिडक्यांचं दुःख वेगळं. जुन्या खिडकीला चार झडपा असायच्या. खालच्या दोन मिटल्या की रस्त्यावरून दिसत नसे, वरच्या दोन उघड्या ठेवल्या की वारा येई. ज्यानं कोणी हे शोधलं, त्याला एखादा पुरस्कार द्यायला हवा होता. सरकती ॲल्युमिनियमची खिडकी कितीही सरकवली तरी अर्धीच उघडते. एक काच दुसरीच्या मागे जाते, एवढंच. गोव्यातल्या जुन्या घरांत तर काचेऐवजी चपट्या शिंपल्यांची तावदानं होती. उजेड आत यायचा, ऊन मात्र दुधाळ होऊन यायचं. काच आली आणि ही तावदानं बऱ्याच घरांतून निघाली.

याचा अर्थ जुनं ते सगळं सोनं, असा नाही. न्हाणीघराचं प्लायवूडचं दार आत पाणी जाऊन पापुद्र्यांनी सुटलं असेल, तर त्याच्यावर सुताराची मजुरी खर्च करू नये. तिथे प्लास्टिकचं दार शोभत नसलं तरी टिकतं. पश्चिमेची, पावसाचा मारा थेट झेलणारी साध्या लाकडाची खिडकीही बदलली तर बिघडत नाही. पण सागवानी माजघराला तोच नियम लावू नका. काढलेलं दार भंगाराच्या भावानं जातं, आणि त्याच जातीचं दार ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात काच टाकलेलं टेबल होऊन उभं राहतं. कोणी सांगावं, तेच आपण अंधेरीच्या फ्लॅटसाठी विकतही घेऊ.

राखणं म्हणजे फार काही नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाकूड कोरडं असताना, फटी साफ करून तेलाचा हात द्यायचा. पूर्वी काजूच्या टरफलांचं तेल लावत. वाळवी दूर राही, पण ते हाताला लागलं की कातडी सोलवटते, तेव्हा जरा जपून. बिजागरीचा सैल स्क्रू काढून भोकात लाकडाची काडी ठोकली, की पुन्हा पकड येते. निम्मी लोंबणारी दारं एवढ्यानंच सरळ होतात.

अडचण आहे ती माणसांची. रंधा चालवणाऱ्यांची पुढची पिढी आता ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापते, आणि त्यात त्यांची चूक काहीच नाही. पैसा तिथे आहे. पण गावात जुन्या हाताचा एखादा सुतार अजून असतो. या डिसेंबरात दोन दिवसांची सुट्टी काढून गावी जा, खिडक्यांच्या दुकानात दर विचारण्याआधी त्याला घर दाखवा, आणि तो सांगेल ती मजुरी घासाघीस न करता द्या.